सहकारी ढग

दोनतीर सहकारी दूध संघाला मुख्य कार्यालयं दोन होती. एक शिरूरला, एक दौंडला. मध्ये भीमा नदी असल्यामुळे संघाला हे नाव मिळालं आणि दोन्ही काठांना सारखा मान हवा म्हणून दोन्ही इमारतींवर 'मुख्य कार्यालय' अशी पाटी लागली. दोन्ही पाट्या एकाच मापाच्या आहेत याची खात्री संचालकांनी टेप लावून करून घेतली होती. अध्यक्ष एक वर्ष शिरूरचा असे, एक वर्ष दौंडचा. यंदा शिरूरचे जयसिंगआप्पा अध्यक्ष होते आणि दौंडचे रोहिदासमामा उपाध्यक्ष.

या संघात सायली कंत्राटी संगणक अभियंता होती. अकरा महिन्यांचं कंत्राट, एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने, असं तिचं चौथं वर्ष चालू होतं. शिरूरवाले तिला निमोण्याची लेक समजत, दौंडवाले पाटसची सून समजत, आणि दोन्ही खरं असल्यामुळे ती कुणालाच दुरुस्त करत नसे. संघानं चार नवे सर्व्हर घेतले तेव्हा आप्पा तिला म्हणाले, "पोरी, हे एकदा सुरळीत चालू कर. तुझं कायमचं बघतो मी मीटिंगमदी." सायलीनं ही गोष्ट घरी सासूला सांगितली. सासूनं ती पाटसभर सांगितली. आता कायम होण्यावाचून सायलीला गत्यंतर उरलं नाही.

सर्व्हर अर्थातच दोन शिरूरला आणि दोन दौंडला बसले. सगळे मिळून एकच मोठा संगणक असल्यासारखे चालवायचे, याला प्रायव्हेट क्लाउड म्हणतात, असं सायलीनं संचालकांच्या बैठकीत सांगितलं. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाळासोंनी लगेच 'खासगी ढग' असं लिहिलं.

"सहकारी संस्थेत खासगी ढग?" रोहिदासमामांनी हरकत घेतली. "उद्या सभासद इचारतील, कुनाच्या घरचा हाय म्हनून."

बाळासोंनी 'खासगी' खोडून 'सहकारी' केलं आणि विषय पुढे सरकला.

"आता या चारींवर प्रोग्राम चढवायला एक टूल लागतं," सायली म्हणाली. "हातानं करत बसलं तर एकावर नवं राहतं, दुसऱ्यावर जुनं. मी तीन टूल तपासलीत. पहिल्यात एक सर्व्हर मास्टर असतो. तो सांगतो, बाकीचे तीन ऐकतात."

दोन्ही काठांचे संचालक एकमेकांकडे पाहू लागले.

"मास्टर कुठं बसनार?" मामांनी विचारलं.

"कुठंही बसवता येतो."

"कुठंही म्हंजी शिरूरलाच."

पहिलं टूल तिथेच बाद झालं. दुसरं टूल सायलीच्या मनातलं होतं. ते साधं होतं, दोन महिने तिनं वापरूनही पाहिलं होतं. "यात मास्टर नसतो," ती म्हणाली. "मी एका कॉम्प्युटरवरून हुकूम सोडते, तो चारींवर जातो."

"आन् हुकूम सुटनार कुठून?" आता शिरूरच्याच एका संचालकानं विचारलं. सायली आठवड्यातले तीन दिवस दौंडला बसत असे, हे त्याच्या ध्यानात होतं. दुसरं टूलही गेलं.

तिसऱ्याची सायलीला स्वतःलाच फारशी हौस नव्हती. केवळ तीन नावं हवीत म्हणून तिनं ते यादीत घेतलं होतं. "यात चारी सर्व्हर आपापसात मतदान करून पुढारी निवडतात," ती म्हणाली. "पुढारी बंद पडला, की दुसरा निवडतात."

संचालक खुर्चीत पुढे सरकले. सर्व्हर हा विषय संघात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना त्यातलं काहीतरी कळत होतं.

"किती वर्षांनी व्हतं मतदान?"

"लागेल तेव्हा होतं. एका सेकंदात."

"बिनविरोध व्हतं का कवा?"

"बहुतेकदा बिनविरोधच होतं, आप्पा."

"चांगल्या घरचं दिसतंय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. सगळे हात वर गेले.

"पण एक अडचण आहे," सायली घाईनं म्हणाली. "याला सर्व्हर विषम संख्येत लागतात. तीन नाहीतर पाच. मधली केबल तुटली तर इकडं दोन राहतील, तिकडं दोन. बहुमत कुणालाच मिळणार नाही आणि सगळंच थांबेल. पाचवा सर्व्हर घ्यावा लागेल."

"घिऊ की. ठिवायचा कुठं?" मामांनी विचारलं.

दोन्ही काठांनी एकदमच आपापल्या कार्यालयाचं नाव घेतलं. बाळासोंनी लिहिलं, 'सूचनेची नोंद घेण्यात आली. ठराव सर्वानुमते मंजूर.'

उद्घाटनाला शुक्रवारचा संध्याकाळचा पाचचा मुहूर्त ठरला. दोन्ही कार्यालयांपुढे एकाच मापाचे मंडप उभे राहिले. आप्पा शिरूरला बटण दाबणार होते आणि त्याच क्षणी मामा दौंडला. आजपासून दुधाची पावती ढगातूनच निघणार, म्हणून जुन्या पावतीपुस्तकांना सकाळी हार घालून निरोप देण्यात आला. नंतर ती बाळासोंनी फाटकाजवळच्या भेळवाल्याला दिली. दुपारी शिरूरच्या मंडपवाल्यानं शेवटचा खांब रोवण्यासाठी हातभर खड्डा खणला. खड्ड्यात त्याला एक काळी वायर लागली. वायर आडवी येत होती, म्हणून त्यानं ती पहारीनं बाजूला केली. वायरीचे दोन तुकडे झाले, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पाच वाजता आप्पांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पडद्यावर चार ओळी उमटल्या आणि थांबल्या. आवारात दूध घेऊन आलेल्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती.

सायलीनं पडदा पाहिला. "आप्पा, सर्व्हर फुटले."

आप्पांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुनाला जाऊन मिळाले?"

"कुणालाच नाही. केबल तुटलीय. दोन-दोन झालेत. पुढारी निवडता येईना त्यांना."

तेवढ्यात रोहिदासमामांचा फोन आला. सायलीनं तो स्पीकरवर टाकला. "आमचे दोघं जाग्यावर हायती," मामा म्हणाले. "तुमचंच कायतरी झालं आसंल."

आप्पांनी स्पीकरवर हात ठेवला. "पोरी, त्यातला एखादा गुपचूप आपल्याकडं वढता येतोय का?"

"नाही, आप्पा."

"काय दिलं तरी?"

"नाही."

केबलवाल्याला फोन लावला, तर तो सोमवारी येतो म्हणाला. रांगेत गलका सुरू झाला. पावतीपुस्तकं परत आणा म्हणून बाळासो भेळवाल्याकडे धावले, पण अर्धी पुस्तकं खपली होती आणि रांगेतले लोक त्यातच भेळ खात उभे होते. एकानं कागद धोतराला पुसून बाळासोंपुढे धरला. "हाय का जागा? यावरच लिहा, नऊ लिटर."

आता जे काही होईल ते आपल्या नावावर जमा होणार, हे सायलीला स्वच्छ दिसत होतं. "पाचवं मशीन लागेल," ती म्हणाली. "दोन्हीकडं बोलू शकेल असं. आत्ता."

"समान मतं पडली, की निर्णायक मत अध्यक्षाचं," आप्पा ताठ झाले. "कायद्यात हाय. माझ्या केबिनमधला लाव."

"मग हिकडं उपाध्यक्षाचा लागंल," फोनमधून आवाज आला.

"मग तीन-तीन होतील, मामा."

"मग चिठ्ठी टाका."

"सर्व्हर चिठ्ठी उचलत नाहीत, मामा."

महिला प्रतिनिधी म्हणून निवडून आलेल्या सगुणाबाई आतापर्यंत खुर्चीवर स्वस्थ बसून होत्या. त्या म्हणाल्या, "पोरीचाच लावा की. तिचं म्हायार हिकडं, सासर तिकडं. आशी दोन तालुक्यांत निम्मी-निम्मी वाटलेली बाई दुसरी कुठं घावनार?"

सायलीनं आपला लॅपटॉप काढला, मोबाईलचं नेट जोडलं आणि दोन्हीकडच्या सर्व्हरांना त्याची ओळख करून दिली. मिनिटभरात पडदा हलला आणि पहिली पावती बाहेर पडली.

"कोन आलं निवडून?" आप्पांनी विचारलं.

"माझा लॅपटॉप. बाकीच्यांना नदीपलीकडचं ऐकू येत नाही, याचं सगळ्यांना येतं."

"किती मतांनी?"

"पाचच्या पाच."

"बिनविरोध," बाळासोंनी लिहून घेतलं.

रांग हलू लागली तशी संचालकांना हुशारी आली. सोमवारपर्यंत ढगाला पुढारी हवा, तर ठराव आत्ताच करून टाकू, असं ठरलं आणि मंडपातच बैठक भरली. मामा फोनवर हजर होते. बाळासोंनी ठराव मोठ्यानं वाचला, "सदर लॅपटॉपास सहकारी ढगाचा पुढारी म्हणून संघाच्या सेवेत कायम करण्यात येत आहे." टाळ्या झाल्या.

"आप्पा," सायली म्हणाली, "आणि माझं?"

"तुझं फुडच्या मीटिंगला. एका मीटिंगमदी दोन-दोन कायम केले तर सभासद बोलतील."

सायलीला वाईट वाटलं. तिनं घड्याळ पाहिलं, सहाला पाच कमी होते. तिनं पिशवीतून लॅपटॉपचं कव्हर काढून मांडीवर ठेवलं आणि ती आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण लावू लागली.

"ते कव्हर कशाला?" आप्पांनी विचारलं.

"सहा वाजत आले. सव्वासहाची चौफुल्याची गाडी आहे."

"लॅपटॉप कुठं चालला?"

"पाटसला. माझा आहे तो."

"आगं, तो कायम झालाय."

"तो झालाय. मी कंत्राटी आहे, माझी वेळ सहाला संपते. त्याला गाडीत एकटं कसं बसवू?"

आप्पांनी रांगेकडे पाहिलं. अजून चाळीसेक जण उभे होते आणि भेळ संपली होती. फोनमधून मामा म्हणाले, "आप्पा, आमच्या हिकडंबी रांग हाय." दोन्ही काठांचं इतक्या लवकर एकमत संघाच्या इतिहासात पूर्वी झालं नव्हतं. बाळासोंनी ठरावात 'सदर लॅपटॉपास' या शब्दापुढे काकपद काढलं आणि वर बारीक अक्षरांत 'व तो उघडणाऱ्या व्यक्तीस' एवढं घुसवलं. आप्पांनी सही केली.

सायली शेवटची पावती निघेपर्यंत थांबली आणि पुढच्या गाडीनं घरी गेली. सासू दारातच उभी होती.

"झालीस का गं कायम?"

"झाले," सायली म्हणाली आणि लॅपटॉप हळूच टेबलावर ठेवला. "याच्या सोबतीला."