हिरामणजींची आरोळी-परीक्षा

आमच्या मोहाडीत हॉकीचा सामना टीव्हीवर पाहायचा असेल तर आधी ओरडून दाखवावं लागे.

थट्टा करत नाही. गावात तेव्हा टीव्ही एकच होता आणि तो हिरामणजींच्या ओसरीत होता. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसत, कानामागे तळवा धरत आणि समोरच्या उमेदवाराला हुकूम सोडत, "हं, ओरड! गोल झाला समज." मग तो उमेदवार शेतकरी असो, पोस्टमास्तर असो की खुद्द सरपंच असो, त्यानं बेंबीच्या देठापासून "गो…ल!" अशी आरोळी ठोकायची. गोठ्यातल्या म्हशी दचकून उभ्या राहत. हिरामणजी डोळे मिटून ऐकत, "थांब, हक्कदाराले विचारून येतो," म्हणून आत जात आणि मिनिटाभरानं बाहेर येऊन निकाल सांगत.

पास झालेल्याला पास मिळे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हिरामणजी तो स्वतः लिहीत. त्यात नाव, बसायची जागा आणि आवाजाबद्दलचा शेरा असे. पोस्टमास्तरांचा शेरा होता "दमदार". सरपंचांचा होता "सुरुवात चांगली, नंतर ढिला". बापू टेलरला खोकल्याची सवय होती, त्याच्या पासवर "खोकल्यासह मंजूर" असं लिहिलेलं होतं.

माझ्या पासवर एकच शब्द होता, "फाटका".

मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. पहिल्या दोन परीक्षांत मी सपशेल नापास झालो. माझी आरोळी "गो"वर छान चढते आणि "ल"वर येऊन चिरकते, त्याला मी तरी काय करणार! "गुरुजी, तुमी पोरायले पाढे शिकवता का रडणं शिकवता?" हिरामणजींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तिसऱ्या खेपेला मात्र ते आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते तोंड वाकडं करून. "मी त तुमाले नापासच केलं होतं. पन हक्कदार म्हनते, राहू द्या."

हा हक्कदार कोण, याबद्दल गावात बरेच तर्क होते. बापूच्या मते दिल्लीत कोणीतरी मोठा साहेब होता आणि हिरामणजी त्याला पत्र टाकून विचारत. पण मिनिटाभरात दिल्लीहून उत्तर येत नाही, हे पोस्टमास्तरांनी शपथेवर सांगितलं. घरात पाहावं तर हिरामणजी आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोघंच. काकूंना दहा-बारा वर्षांपासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या आपल्या मधल्या खोलीत दाराशी बसून हातानं चाचपत तांदूळ निवडत असत. शेवटी आम्ही ठरवलं की हक्कदार वगैरे कोणी नाही. हिरामणजींचा सगळा जन्म भंडाऱ्याच्या कचेरीत गेलेला. निवृत्त झाल्यावरही वरचा साहेब असल्याशिवाय त्यांच्यानं निर्णय होत नसावा. आत जाऊन ते घोटभर पाणी पीत असतील, एवढंच.

प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी तर त्यांची कचेरी आणखीच कडक चाले. टीव्हीच्या लाकडी पेटीला सरकती दारं होती आणि त्यांना कुलूप. ते उघडायच्या आधी प्रत्येकाचा पास तपासला जाई. जो तो आपापल्या जागीच बसला पाहिजे. बापू तुळशीजवळ, सरपंच खांबापाशी, पोस्टमास्तर पायरीवर आणि मी विहिरीच्या बाजूला. अंगणभर आम्हाला असं चारी दिशांना पेरलेलं. विहिरीच्या बाजूनं मला टीव्हीचा फक्त एक कोपरा दिसायचा. त्या कोपऱ्यात चेंडू येईपर्यंत मी वाट पाहायचो. एकदा पोस्टमास्तर गप्पा मारायला म्हणून बापूजवळ सरकले, तर हिरामणजींनी सामना चालू असताना टीव्ही बंद केला. "जागा बदलली त मैदान बिघडते," ते म्हणाले. पोस्टमास्तर पायरीवर परतले तेव्हाच चित्र परत आलं.

चित्र म्हणजे तरी काय! नागपूरहून येईपर्यंत त्याचा जीव अर्धा झालेला असे. अँटेना उंच बांबूला बांधली होती आणि वारा आला की पडद्यावर मुंग्याच मुंग्या दिसत. अकरा खेळाडू आपले की त्यांचे, हेही नीट कळत नसे. त्यात हिरामणजी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करत आणि शेजारी उभे राहून स्वतःच सामन्याचं वर्णन करत. "बॉल उजव्या अंगानं निंगाला! आपला लंबा पोट्टा पळून राहिला! एकाले चकवलं, दुसऱ्याले चकवलं, आता डी मंधी, आता… अरेरे, गेला बाहेर!"

"भाऊ, टीव्हीवाल्याले बोलू द्या ना जी," बापू एकदा वैतागून म्हणाला.

"टीव्हीवाला निस्ती नावं सांगते. बॉल कुठी हाय, थे सांगतच नाही."

"बॉल त दिसूनच राहिला ना!"

"तुले दिसते. सगळ्यायले दिसते काय?"

आम्ही पडद्यावरच्या मुंग्यांकडे पाहिलं आणि हसलो. त्यांचं म्हणणं आम्हाला पटलंच होतं.

पुढे दिल्लीत मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. समोर आपला शेजारी देश. आठवडाभर गावात दुसरी गोष्ट नव्हती. हिरामणजींनी जाहीर केलं की फायनल आहे, जुने पास चालणार नाहीत, सगळ्यांची परीक्षा नव्यानं होईल.

इथेच घात झाला. दिवस चुरण्याचे, म्हणजे धानाच्या मळणीचे होते. सकाळ-संध्याकाळ खळ्यावर धान चुरून गावातल्या प्रत्येकाच्या घशात कोंडा गेलेला. परीक्षेला रांग लागली, पण ओरडायला तोंड उघडलं की आतून नुसती हवा यायची. सरपंचांनी तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा त्यांच्या घशातून मांजराचं पिल्लू बोलावं तसा आवाज आला. पोस्टमास्तर खळ्यावर जात नसत, पण त्यांना सर्दी होती. हिरामणजी दर वेळी आत जात आणि मान हलवत बाहेर येत. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त गाव नापास झालं होतं. मी पास होतो. कोंड्यानं माझ्या आवाजात काही फरकच पडला नव्हता.

त्या संध्याकाळी बापूच्या दुकानात सभा भरली. बापू मशीनवर मूठ आपटून म्हणाला, "हॉकी देशाची, हवा देवाची, अन् पास याचा! कोन्या कायद्यात हाय हे?" सगळ्यांना ते पटलं. मी शिकलेला, म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. "सामना पाहण्याचा जनतेचा हक्क" असा मथळा देऊन मी दोन पानं भरली. दुसऱ्या दिवशी हिरामणजींनी तो अर्ज उभ्यानं वाचला, माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेन्सिलनं दुरुस्त केल्या आणि आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "हक्कदार म्हनते, मुक्या गर्दीले मैदान नाही म्हनत."

"मंग आमी सेठकडं चाललो," बापू म्हणाला.

राईसमिलच्या सेठनं त्याच आठवड्यात रंगीत टीव्ही आणला होता. पास नाही, परीक्षा नाही, वर आलुबोंडे. सगळे तिकडे वळले. मी शेवटी निघालो तेव्हा हिरामणजी फाटकाशी आले. त्यांच्या हातात वाटायचे राहिलेले पास होते.

"सगळेच चालले काय, गुरुजी?"

"हो."

"तुमी त पास हा ना जी. तुमी तरी…"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. रंगीत टीव्ही मी जन्मात पाहिला नव्हता.

सेठकडे मैदान हिरवंगार होतं. ते हिरवं असतं हे ठाऊक असूनही आम्ही सगळे "अरे, हिरवं हाय!" असं एकमेकांना सांगत होतो. पहिलाच गोल आपण केला. आम्ही वर्षभर तालीम केलेली माणसं, कोंड्यासकट जी काय आरोळी ठोकली! तसे सेठ धावत आले. "धीरे, धीरे! ऊपर पोता सो रहा है।" पुन्हा आवाज झाला तर टीव्ही बंद, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. मग आम्ही मांडीवर मांडी घालून, तोंडात आलुबोंडा धरून, बारशाला बसल्यासारखे बसलो. तोवर समोरच्यांनी एक गोल फेडला, दुसरा चढवला, तिसरा चढवला. ओरडायचंही नाही आणि रडायचंही नाही. मला तिथे बसवेना. मी उठलो.

घरी जायची वाट हिरामणजींच्या घरावरून होती. फाटकाजवळ आलो आणि थबकलो. आत अंगण माणसांनी भरलेलं होतं! वर्णन जोरात चाललं होतं, मध्येच सरपंचांचा ढिला "अरेरे" ऐकू आला, मग पायरीवरून पोस्टमास्तरांचा दमदार "अरेरे", मग तुळशीजवळून बापूचा खोकला. मला रागच आला. मी लुच्चे म्हणणार होतो, तेवढ्यात आठवलं की बापूला मी आत्ताच सेठकडे तिसरा आलुबोंडा घेताना सोडून आलो होतो.

मी कुंपणातून डोकावलो. अंगणात कोणी नव्हतं. हिरामणजी एकटेच अनवाणी धावत होते. टीव्हीशी उभं राहून "बॉल डाव्या अंगानं!" म्हणत. खांबाकडे पळून सरपंचांच्या आवाजात "अरेरे" करत. तिथून पायरीवर, पायरीवरून तुळशीकडे, तिथे बापूचं खोकणं, आणि पुन्हा धापा टाकत टीव्हीपाशी. मग ते विहिरीच्या बाजूला आले, माझ्या जागी उभे राहिले आणि शेवटी चिरकणारा एक "अरेरे" काढला. हुबेहूब माझा. आपला आवाज एवढा वाईट आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मधल्या खोलीच्या दारात काकू बसल्या होत्या. मांडीवर सूप तसंच पडलेलं होतं. मान वर करून, चेहरा एकदा खांबाकडे, एकदा पायरीकडे वळवत त्या ऐकत होत्या.

"गुरुजी आज कमी ओरडून राहिले," काकू म्हणाल्या.

"घसा बसला त्याचा," हिरामणजी धापा टाकत म्हणाले. "चुरना सुरू हाय ना."

मास्तराचं कसलं चुरणं! मला माझी शरम वाटली. मी फाटक न वाजवता उघडलं आणि विहिरीच्या बाजूला माझ्या जागी जाऊन बसलो. हिरामणजींनी मला पाहिलं, पण वर्णन थांबवलं नाही. एवढ्यात आपल्यावर आणखी एक गोल झाला. मी पोटातून "अरेरे" केलं, आणि ते "रे"वर येऊन नेहमीसारखं चिरकलं. तशा काकू पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या. एवढा वाईट सामना चालला होता आणि त्या हसत होत्या.

सामना संपला. आपली पार धूळधाण झाली होती. हिरामणजींनी पेटीला कुलूप लावलं आणि माझ्याजवळ येऊन विहिरीच्या कठड्याला टेकले. श्वास जरा खाली बसल्यावर हळू आवाजात बोलले.

"मी कचेरीच्या टीममंधी खेळत होतो, तवा भंडाऱ्याच्या ग्राउंडवर थे यायची. डबा घेऊन. खेळ काही समजे नाही तिले, पन चारी अंगानं मानसं ओरडत थे आवडे. डोळे गेले मंग. टीव्हीचा आवाज त डब्ब्यातून येते, गुरुजी. मैदान असं डब्ब्यातून आयकू येते काय?"

मी सरकून त्यांना बसायला जागा केली.

"तुमाले मी नापास केलं होतं. थेच म्हने, याले ठेवा. ग्राउंडवर असाच एक फाटका होता म्हने. थो ओरडला का तिले लय हसू ये." त्यांनी मधल्या खोलीकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "तिले काही सांगू नका. आज सगळे आले होते, असंच वाटू द्या."

"नाही सांगत," मी म्हणालो. वर्षभर हा माणूस आत पाणी प्यायला जातो म्हणून आम्ही हसत होतो, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या सामन्याला सगळ्यांना इथे घेऊन यायचं, कोंडा असो की सर्दी असो, असं मी मनाशी ठरवलं.

आत भांडं वाजलं. काकूंनी चुलीवर आधण ठेवलं होतं. नेहमी त्या आतून विचारत, "किती जनायचा चहा?" आणि हिरामणजी मोजून आकडा सांगत. त्या दिवशी त्यांनी आकडा विचारला नाही.

"तीनच कप ठेवू ना जी?" त्या म्हणाल्या.

हिरामणजींनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मीही घसा खाकरून पाहिला, पण दोघांच्याही तोंडून आवाज निघेना. त्या वेळी कोणी परीक्षा घेतली असती तर आम्ही दोघेही नापास झालो असतो.