घायपातीचं गाऱ्हाणं

परबभाऊंनी आयुष्यात एकही बाटली गाऱ्हाणं घातल्याशिवाय उघडलेली नाही. दारूचीच नव्हे, कुठलीही. खोकल्याच्या औषधाची असली तरी ते आधी ती दोन्ही हातांत धरतात, डोळे मिटतात आणि सुरू करतात, "बा देवा म्हाराजा, तुझो हो परब आज जा काय औषध घेता हा, ता तेका लागू पडांदे रे म्हाराजा!"

मग थांबतात. खोलीत जो कोणी असेल त्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोणी म्हणालं नाही तर बूच निघत नाही. एकदा घरात कोणीच नव्हतं, तेव्हा ते बाटली घेऊन चाळीच्या गॅलरीत आले आणि जिना चढणाऱ्या पोस्टमनला अडवून त्याच्याकडून होकार भरून घेतला. पोस्टमन बिहारचा होता. त्याने 'व्हय म्हाराजा' तर म्हटलंच, वर हातही जोडले.

गाऱ्हाणं म्हणजे कोकणातली रीत. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार द्यायचा. परबभाऊंचं म्हणणं असं, की "एकट्यान मागलां तर ती नुसती तक्रार. चार जणांनी व्हय म्हटलां, की देवाक नाय म्हणूक लाज वाटता."

माझी आणि त्यांची ओळख गिरणी संपाच्या आधीची. मी सांगोल्याहून कॉलेजसाठी मुंबईत आलो तेव्हा लालबागला त्यांच्या खोलीत वहिनींची खानावळ होती. गिरणीतले आठ जण तिथे जेवत आणि त्यांत मी नववा, बिनगिरणीचा. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. परबभाऊंना याचं इतकं अप्रूप, की पहिल्या वर्षाची फीसुद्धा भरली नव्हती तेव्हापासून ते मला 'ग्रॅज्वेट' म्हणतात. आजही म्हणतात. माझं नाव त्यांना आठवत असेल याची मला खात्री नाही.

शाळेत 'व्हय' म्हणालो की आमचे मराठीचे सर कान पिळून 'होय' म्हणायला लावत. सात वर्षं कान पिळून घेऊन मी 'होय'वर आलो होतो. परबभाऊंनी एका शनिवारी मला परत 'व्हय'वर आणलं. शनिवारी संध्याकाळी आठही जण खोलीत दाटीवाटीने बसत. मध्ये हातभट्टीची बाटली, तीही पहिल्या धारेची. परबभाऊ सायझिंग खात्यात होते, सुताला खळ लावायचं काम. त्यामुळे त्यांच्या अंगाला कायम कांजीचा वास आणि बोलण्यातही तसाच कडकपणा. ते गाऱ्हाणं घालत आणि 'व्हय म्हाराजा'ने फळीवरची भांडी वाजत.

मग संप आला. पहिल्या महिन्यात आवाज आठ होते. नंतर कोणी गावी गेला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी कुठे गेला ते कळलंच नाही. बाटली परवडेना, तेव्हा परबभाऊ कोऱ्या चहावर गाऱ्हाणं घालू लागले. शेवटी होकार भरायला तिघंच उरलो. मोरीत भांडी घासणाऱ्या वहिनी, मी आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी सुमन. सुमनचा आवाज सगळ्यांत मोठा. तिला वाटे हा खेळच आहे. परबभाऊ मागत, "संप मिटांदे रे म्हाराजा," आणि लगेच, "ह्या ग्रॅज्वेटाचो अकाउंटन्सीचो पेपर सुटांदे रे म्हाराजा!" देवाने त्यांतलं माझं ऐकलं, गिरणीचं ऐकलं नाही. मला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा ते म्हणाले, "बघ, अर्धां तरी पावलां." एवढ्या मोठ्या मनाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिरणी गेल्यावर त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली आणि तिथले रहिवासी मिनरल वॉटरची बाटली उघडायच्या आधी दचकून गेटकडे बघू लागले.

वहिनी गेल्या. सुमन शिकली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि कंपनीने तिला थेट मेक्सिकोला, ग्वादलाहारा नावाच्या शहरात पाठवलं. तिथे ती स्थिरावली आणि दर रविवारी फोनवर एकच विचारू लागली, "बाबा, इकडे राहायला कधी येताय? कायमचं?" विषय निघाला की परबभाऊंना खोकला येई. असा खोकला, की फोन ठेवावा लागे. दोन वर्षं तो खोकला चालला. औषधाचा खप बघता दुकानदाराला ते दम्याचे पेशंट वाटत.

शेवटी सुमनने मला फोन केला. "दादा, तू त्यांना घेऊन ये. सुट्टी म्हणून. घर बघू देत, शेजार बघू देत. आणि मला एकदा काय ते उत्तर देऊ देत. हो तर हो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तोंडावर म्हणू देत. खोकून नको."

तर आम्ही निघालो. विमानात हवाईसुंदरीने वाइनची इवलीशी बाटली दिली. परबभाऊंनी ती दोन्ही हातांत धरली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, पण माझी सीट मधली होती. "ओ ग्रॅज्वेट, देव हयसर जवळ आसा. हळू म्हटलंस तरी चलात," ते म्हणाले. मी हळू म्हटलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी सीटबेल्ट बांधून घेतला.

सुमनचं घर छान होतं. परबभाऊंना स्वतंत्र खोली, खिडकीत जांभळ्या फुलांचं झाड. ती पहाटे उठून कुठून कुठून मासे आणून तिखलं करायची, मग ऑफिसला जायची. ती परत येईपर्यंत परबभाऊ गॅलरीत बसायचे. समोरचा म्हातारा हात हलवून 'बुएनोस दियास' म्हणायचा. हे हात हलवून 'बरां आसा' म्हणायचे. तिथे संभाषण संपायचं. संध्याकाळी सुमन दारातून आत आली, की दिवसभराचं साचलेलं सगळं मालवणी तिच्या अंगावर कोसळायचं. ती बूटही न काढता ऐकत उभी राहायची. तिच्या मैत्रिणींचे फोन यायचे, ती बंद करायची. रोज जेवताना विचारायची, "मग बाबा?" परबभाऊ म्हणायचे, "बघया."

आमच्या परतीच्या आधीच्या रविवारी ती आम्हाला शहराबाहेर एका जुन्या भट्टीवर घेऊन गेली. टकिला कशी करतात ते दाखवतात आणि चाखायलाही देतात. वाटेत दोन्ही बाजूंना निळसर, तलवारीसारख्या पानांची शेतंच्या शेतं. परबभाऊंनी गाडी थांबवायला लावली, उतरले, पान चाचपलं आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"अगो सुमन, ही तर घायपात!"

"अगावे म्हणतात बाबा इथे."

"काय पण म्हणांदेत. आमच्या कुंपणाक हीच आसा. वाक काढून दोर वळतत." त्यांनी शेतावर एकदा नजर फिरवली. मग खिन्नपणे म्हणाले, "एकच झाड. आमच्या वाडवडलांनी तेच्यान म्हशी बांधल्यानी, ह्येंनी गिऱ्हायकां बांधल्यानी."

भट्टी एका कुटुंबाची होती. रामोन नावाचा तरणा मुलगा माहिती सांगत होता, सुमन ती मराठीत करून सांगत होती आणि मी, सवयीने, मनापासून ऐकत होतो. आमच्यासोबत नुकतंच लग्न होऊन फिरायला आलेलं एक गोरं जोडपंही होतं. रामोन म्हणाला, झाडाला तयार व्हायला सात-आठ वर्षं लागतात. पानं छाटली की आत अननसासारखा गड्डा निघतो. तो भाजायचा, ठेचायचा, रस आंबवायचा आणि दोनदा गाळायचा. निळ्या जातीची असेल तरच टकिला. बाकीच्या जातींची ती मेस्काल, आणि तिचे गड्डे जमिनीत पुरून भाजले असतील तर तिला धुराचा वास येतो.

"आणि पहिली धार?" परबभाऊंनी जाणकाराच्या आवाजात विचारलं.

सुमनने विचारून सांगितलं, "ती फेकून देतात, बाबा. विषारी असते. फक्त मधली धार प्यायची."

परबभाऊ तिथल्या एका पिंपावर बसले. "फेकतत?"

"फेकतात."

"पयल्या धारेची फेकतत?" त्यांनी पुन्हा विचारलं. ज्या धारेसाठी लालबागेत आठ माणसं आठवडाभर वाट बघत, तीच! मग त्यांचा चेहरा उजळला. "तरीच! तरीच आमच्या आठांतलो गणो शनिवारी भिंतीक पाया पडून 'येतंय हां काकी' म्हणी. माका वाटायचां तो संस्कारी."

मग चाखणं सुरू झालं. लाकडी फळीवर चार पेले. रामोनने शिकवलं, आधी वास घ्यायचा, मग ओठ लावण्यापुरता घोट, जिभेवर फिरवायचा. त्याचे आजोबा कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी आपला पेला उचलला आणि पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडले. धरणीला, म्हणाले.

परबभाऊ ताडकन उठले. "हो आमचो माणूस!" आणि आजोबांच्या शेजारी जाऊन, पहिला पेला दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, हयसरच्या राखणदारा, घायपातीच्या धन्या..."

सुमन पुटपुटली, "बाबा, सगळे बघतायत." पण 'व्हय म्हाराजा' तिने म्हटलं, मीही म्हटलं. परबभाऊंनी एक डोळा उघडला. "आवाज दोनच? त्या रामोनाक काय जीभ नाय?"

सुमनने लाजत समजावून सांगितलं. आजोबांना ते लगेच कळलं. दुसऱ्या पेल्याला रामोन आणि आजोबाही म्हणाले. तिसऱ्याला ते जोडपं आलं, आणि नवरदेवाचा 'म्हाराजा' तर थेट देवगडचा वाटावा असा. प्रत्येक पेल्याला परबभाऊंनी आपलं मतही दिलं. बिनरंगाची पहिली: "नव्या धोतराची खळ." लाकडी पिंपात थोडी मुरलेली दुसरी: "फडताळ. आत झुरळां नसलेलां." बरीच वर्षं मुरलेली तिसरी: "हो माझ्या सासऱ्याच्या पेटयेचो वास. पेटी कोणाक गावली ता इचारू नको." रामोन म्हणाला, इतकं नेमकं वर्णन आजवर कोणी केलं नाही. सुमनने त्याला नक्की काय सांगितलं होतं कोण जाणे.

चौथा पेला मेस्कालचा, धुराचा. परबभाऊंनी तो धरला, डोळे मिटले आणि या वेळी पेला कपाळाला लावला. मग हळू सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवान, सुमनान, परमुलखात आपलां घर केल्यान. तेका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी भट्टी घुमली.

"तिका वाटता, बापाशीन हयसर रवाचां. वाटणारच. पण बापूस रवलो, तर दिवसभर भिंतीवांगडा बोलतलो आणि सांजेक हिच्यावांगडा. चेडवाचां अर्धां आयुष्य बापाशीचां ऐकण्यात जातलां. ता होवंदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रामोन, आजोबा, नवरा, नवरी, सगळे आनंदाने ओरडले. त्यांना काय माहीत ते कशाला होकार देत होते. मला माहीत होतं, तरी मीही म्हटलं.

"लालबागेत बापाशीक भांडूक माणसां आसत. तेका थंय सुखान धाड. आणि बापूस आपल्याक नको म्हणालो, असां तिच्या मनात येवंदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

परबभाऊ थांबले. पेला तसाच हातात. डोळे मिटलेलेच.

"एक आवाज कमी पडलो," ते म्हणाले.

सुमन फळीपाशी उभी होती. "बाबा, हे चीटिंग आहे. मी दोन वर्षं विचारतेय आणि तुम्ही देवाला सांगताय?"

"तुका सांगूक माका जमलां नाय गो."

"आणि मला? मला इथे कोण आहे मालवणीत ओरडायला?"

 परबभाऊ डोळे न उघडताच पेला घेऊन तिच्या आवाजाकडे वळले आणि दोन थेंब आपोआपच जमिनीवर सांडले. रामोनने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आजोबांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. सुमन पुढे आली. तिने बापाच्या हातांभोवती आपले दोन्ही हात धरले, पेल्यासकट, आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा." भांडी वाजवणारा तो आवाज नव्हता. नीट ऐकलं नसतं तर चुकला असता.

परबभाऊंनी एका घोटात पेला संपवला. रामोनने उत्सुकतेने विचारलं, हिचा वास कसला वाटला?

"सांग तेका," ते सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत म्हणाले, "धूर लय झालो."

आता आम्ही परत आलो त्याला बरेच दिवस झाले. परबभाऊंचा खोकला तिकडेच राहिला. मी खात्री करून घेतली आहे. पण रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, की फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असतो, तिकडे नुकतं उजाडलेलं असतं आणि परबभाऊ खोकल्याच्या औषधाची बाटली दोन्ही हातांत धरून बसलेले असतात.

"औषध कशाला, भाऊ? खोकला कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"गप रव," ते फोनकडे कान लावून म्हणाले. "ती व्हय म्हणता हा."