नव्या कर्नेलचं गाठोडं

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका. तुमच्या शाळेतही आहे, आणि तो बाराही महिने कापडाखाली झाकलेला असतो. या जंगलातल्याला निदान काम होतं. रोज सकाळी तो सुरू व्हायचा आणि ओढ्यावरच्या मातीच्या बंधाऱ्याचं लोखंडी दार उघडायचा. दार उघडलं की खालच्या डोहात पाणी यायचं. दार हातानं उघडायचीही सोय होती, पण ती जुनाट दिसते म्हणून मागच्या वर्षी काढून टाकली होती.

खालच्या डोहात इंदी नावाची पाणमांजर राहायची. तिची तीन पिल्लं होती, नुकती पोहायला शिकलेली.

कॉम्प्युटर सांभाळायचं काम खवल्याकडे होतं. खवल्या म्हणजे खवलेमांजर. कामाला वाघ, पण स्वभावानं भित्रा. कुणी आवाज चढवला की तो अंगाचं वेटोळं करून गोल व्हायचा. मग त्याच्याशी बोलून काही उपयोग नसायचा.

एक दिवस जंगलाचे अध्यक्ष गवाजीराव गवे शेजारच्या जंगलात लग्नाला गेले. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये नवं कर्नेल आलं होतं. गवाजीराव जेवले नाहीत. परत आले ते अपग्रेड करायचं ठरवूनच.

आता कर्नेल म्हणजे काय? मुलांनो, कर्नेल हा कॉम्प्युटरच्या आतला राखणदार. तो सगळ्यांच्या आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. पण उठतो तेव्हा घराला, म्हणजे बाकी सगळं जिथं साठवलेलं असतं त्या डिस्कला, कुलूप असतं. म्हणून त्याच्या उशाशी एक लहानसं गाठोडं ठेवतात. त्याला बूट इमेज म्हणतात. गाठोड्यात डिस्कचा ड्रायव्हर असतो, म्हणजे घराची किल्ली. एवढं साधं आहे. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

नव्या कर्नेलला नवं गाठोडं लागतं, असं खवल्यानं सांगितलं. लगेच गाठोडं समिती नेमली गेली.

गाठोड्याला जागा थोडी होती आणि समितीत सदस्य अकरा होते. गवाजीरावांचा फोटो बिनविरोध गाठोड्यात गेला. मग मोराचं म्हणणं पडलं की, फोटोमागे पिसारा हवा आणि तो उघडताना दिसायला हवा. वानरांनी स्वागतगीत दिलं, सहा कडव्यांचं. कोल्ह्यानं आपल्या मेहुण्याच्या शुभेच्छा घातल्या. मेहुणा त्या जंगलातला नव्हता, पण शुभेच्छा मनापासून होत्या.

शेवटी ड्रायव्हरचा विषय निघाला. खवल्या भीत भीत म्हणाला, हा एवढा तरी राहू द्या.

"तो पडद्यावर दिसतो का?" गवाजीरावांनी विचारलं.

"दिसत नाही, साहेब."

"मग डिस्कवर ठेव. तिथं भरपूर जागा आहे."

खवल्या सांगू लागला की किल्ली कुलूपबंद घरात ठेवून चालणार नाही. गवाजीरावांनी नुसतं फुरफुर केलं. खवल्या गोल झाला. इतिवृत्तात नोंद झाली : खवल्या यांचा विरोध नाही, ते गोल आहेत.

इंदी त्या सभेला आली होती. तिनं एवढंच विचारलं, की उद्या सकाळी पाणी येणार ना? तिला सांगण्यात आलं की येईल, आणि आधीपेक्षा आधुनिक येईल.

जुनं कर्नेल आठवडाभर तरी बाजूला ठेवावं, नवं अडलं तर त्यावर चालवता येतं, असं खवल्याच्या मनात होतं. पण या जंगलाची एक रीत होती. नवा आला की जुन्याचा सत्कार करायचा, आणि सत्कार झालेल्याला पुन्हा कामावर घ्यायचं नाही. जुन्या कर्नेलला शाल घातली, म्हणजे कॉम्प्युटरवरच पांघरली. मानपत्र वाचलं. नऊ वर्षं एकही दिवस खाडा नाही, हे ऐकून हत्तीण रडली. मग गवाजीरावांच्या हस्ते ते कर्नेल, त्याच्या गाठोड्यासकट, पुसून टाकण्यात आलं.

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला. गवाजीराव झळकले. मागे पिसारा उघडला. सहाही कडवी झाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या : घर सापडत नाही. मी घाबरलो आहे.

कोल्हा म्हणाला, नवीन आहे, विनम्र आहे. सगळे फराळाला गेले.

दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समितीनं कॉम्प्युटर सात वेळा बंद करून सुरू केला. सातही वेळा गवाजीराव सुरेख दिसले. तिसऱ्या दिवशी डोहात चिखल राहिला. वैशाखाचं ऊन होतं. पिल्लं त्या चिखलात तोंड खुपसून पडली होती. धाकटं हाकेला ओ देईना.

इंदी खवल्याकडे गेली. तो गोलच होता. तिनं त्याच्या पाठीवर टकटक केलं.

"खवल्याभाऊ, तुमची समिती सोमवारी बसणार आहे. माझं धाकटं सोमवारपर्यंत राहायचं नाही."

खवल्या हळूहळू उलगडला. कॉम्प्युटरकडे त्यानं बघितलंही नाही. तो बंधाऱ्यावर गेला आणि दाराशेजारची माती नखांनी उकरू लागला. वारुळं फोडणारी नखं ती. दुपारपर्यंत बंधाऱ्याला भोक पडलं आणि पाणी खाली सुटलं. धाकटं आधी शिंकलं, मग पाणी प्यायलं. इंदी तिथंच बसून रडली. मला विचाराल तर गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण सोमवारी समिती बसली. अहवाल आला : नवं कर्नेल इतकं प्रगत आहे की आता कॉम्प्युटर सुरू न होताही पाणी येतं. अपग्रेड शंभर टक्के यशस्वी. समितीच्या अकराही सदस्यांना शाली मिळाल्या. सार्वजनिक बंधारा फोडल्याबद्दल खवल्याला नोटीस मिळाली. एक नोटीस इंदीलाही आली. आपण व आपली पिल्लं पाण्यावर अवलंबून असल्यामुळे यंत्रणेवर ताण येतो, तरी सात दिवसांत खुलासा करावा, असं तीत लिहिलं होतं.

तात्पर्य : मुलांनो, अपग्रेड कधीच फसत नाही. ज्यांना तहान लागते त्यांच्यामुळे ते फसल्यासारखं दिसतं. म्हणून खूप शिका, मोठे व्हा, समितीवर जा, आणि घर नेहमी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला बांधा.