गंज की प्रायमर?

यंदा कूलर ठिबकणार नाही, असं स्वानंदराव झाडे यांनी एप्रिलातच जाहीर केलं. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. लोखंड का गंजतं, हे त्यांनी अर्ध्या धरमपेठेला फळ्यावर लिहून दाखवलं होतं. शिवाय प्रश्न इज्जतीचा होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून सासरे बाबाराव रामदासपेठेतल्या दवाखान्यातून थेट त्यांच्याकडेच आरामाला येणार होते, आणि गेल्या वर्षी याच कूलरच्या टाकीने त्यांना गादीसकट भिजवलं होतं.

दर उन्हाळ्यात गंजावरच डांबर फासायचं, ही गावाची रीत स्वानंदरावांना अडाणी वाटे. तो रंग पत्र्याला नव्हे, गंजाला चिकटतो आणि गंजासोबतच निघतो. म्हणून आधी पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, मग रंग!

अंगणात टाकी एका कडेवर उभी करून, आत डोकं घालून, ते तारेचा ब्रश घेऊन भिडले. डांबराखाली हिरवा रंग निघाला. हिरव्याखाली चंदेरी. हाच पत्रा म्हणावा, तर त्याचेही पापुद्रे सुटले. त्याखाली लालसर तपकिरी काहीतरी आलं आणि शास्त्र अडलं. हा गंज की जुना प्रायमर? दिसायला दोघे सख्खे भाऊ! शेजारच्या प्रीतमने भिंतीवरून वाकून प्रायमर असल्याचं ठामपणे सांगितलं. बायकोने, म्हणजे मेघाने, नखाने खरवडून गंज ठरवला. मग प्रीतमला तिचं पटलं, तोवर तिला प्रीतमचं पटलेलं होतं.

"अहो, डांबर लावा अन् मोकळे व्हा. बाबा निघाले तिकडून," मेघा म्हणाली.

"चमक आल्याशिवाय नाही."

आणि चमक आली. एक ठिपका, मग दुसरा, मग चांदण्यांचा सडाच. त्यांनी हर्षाने मेघाला हाक मारली. ती टाकीच्या मागून आली आणि पत्र्यातून तिला नवऱ्याचं नाक दिसलं. चमक उन्हाची होती.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाबारावांनी उघड्या डोळ्याने टाकी आतून पाहिली, बाहेरून पाहिली, एका भोकात बोट घालून पाहिलं. मेघाने पंखा, ओली चादर, वाळ्याचा पडदा, सगळं देऊ केलं. बाबारावांनी ऑटोवाल्याला थांबायची खूण केली. धाकट्या लेकीकडे एसी होता.

बसता बसता त्यांना जावयाचा उतरलेला चेहरा दिसला.

"मनाले लावून घेऊ नका, जवाईबापू," ते म्हणाले. "काम पक्कं केलं तुम्ही. आता गंजायले काही उरलंच नाही."