मतदानाची रंगीत तालीम

करी रोडच्या त्या चाळीनं रमाकांतला आजवर एकच जबाबदारी दिली होती, गणपतीत मांडवाबाहेरच्या चपला राखायची. त्यातही एका वर्षी खजिनदारांच्या नव्या कोल्हापुरी वहाणा गेल्या. म्हणून सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाबुरावांनी खांद्यावर हात ठेवून "चाळीतल्या बायकांची मतं तुझ्याकडे," असं म्हटलं, तेव्हा रमाकांतची छाती फुगली.

"बायकांचीच काय, चाळीतलं एकूण एक मत पडेल, बाबुराव! एक जरी राहिलं तरी जन्मभर चपला राखीन," तो बोलून गेला.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चित्र. समितीच्या उमेदवाराचा दिवा होता, विरोधकाची बैलजोडी. पडद्यामागं जाऊन आपली चिठ्ठी नेमकी त्या पेटीत टाकायची. बायकांचा गोंधळ नको म्हणून रमाकांतनं घरी तालीम घ्यायचं ठरवलं. तो हाडाचा कारकून. नियमाबाहेर त्याला शिंकसुद्धा येत नसे. तेव्हा तालीम घ्यायची तर हुबेहूब. तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांवर दिवा आणि बैलजोडी चिकटली, चादरीचा पडदा झाला. बोटाला लावायला त्यानं धोब्याकडून कपड्यांवर खुणा करायची शाई आणली.

"ही लवकर जात नाय हां, शेठ," धोबी म्हणाला.

"मग तर उत्तमच!"

बायका जमाव्यात म्हणून त्याची बायको सरोजिनी हिनं हळदीकुंकू ठेवलं. रमाकांतनं आधी स्वतःच्या डाव्या तर्जनीला शाई लावून दाखवली. मग पुढं आल्या गंगुबाई. चाळीतल्या बायका यांच्या शब्दाबाहेर नसत. त्यांनी उजवा हात पुढं केला.

"डावा, गंगूमावशी. तसा नियम आहे."

"हळदीकुंकवाक डावो हात?" गंगुबाई कडाडल्या. "तुझ्या आवशीन ह्याच शिकवल्यान तुका?"

झालं. सगळ्या बायकांची उजवीच बोटं काळी झाली. दिव्याच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं गेलं, बैलजोडीलाही चिमूटभर लागलं. "मुकी जनावरां ती, तेंचो काय दोष?" असं गंगुबाईंचं म्हणणं पडलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी चाळीतले पुरुष मत देऊन कामाला गेले, पण बायका काही हलेनात. कोणी मसाला निवडतंय, कोणी गोधडी शिवतंय. रमाकांत गंगुबाईंच्या दारात धावला.

"मावशी, मत द्यायला चला ना!"

"दिलाव मां! तुझ्याच घराक." गंगुबाईंनी काळं बोट नाचवलं. "परत परत कित्याक?"

"अहो, ती तालीम होती!" रमाकांत दारोदार सांगत फिरला. कोणी ऐकेना. शेवटी सरोजिनीनं "आमच्याकडचा दिवा डब्यावरचा होता, खरा शाळेत ठेवलाय," असं सांगितलं, तेव्हा कुठं बायका लुगडी बदलून निघाल्या.

शाळेतल्या मतदान केंद्रावर गंगुबाईंनी तालमीप्रमाणं ऐटीत उजवा हात पुढं केला. अधिकाऱ्यानं बोट पाहिलं.

"बाई, तुम्ही मत दिलेलं दिसतंय."

"होय तर! त्या रमाकांताच्या घराक."

विरोधी उमेदवाराचा माणूस ताडकन उठला. "घरात मतदान? पोलीस बोलवा, साहेब! ही सगळी रांगच बोगस आहे!"

रमाकांतला आत बोलावलं गेलं. त्यानं डबे, चादर, धोबी सगळं सांगितलं. सांगताना तो सारखा बाहेरच्या रांगेकडे बघत होता, कारण अख्खी चाळ आज त्याच्यापायी मताला मुकणार होती. अधिकाऱ्यानं नियमांचं पुस्तक काढून शांतपणे चाळलं.

"नियमात डावी तर्जनी आहे. उजव्या हाताशी माझं काही काम नाही. बाई, डावा हात दाखवा."

"शुभ कामाक डावो? मरान गेलंय तरी नाय!"

रमाकांतनं चक्क हात जोडले. "मावशी, महाराष्ट्रासाठी आजच्या दिवस डावा पुढं करा हो!"

गंगुबाईंनी वर बघून देवाची माफी मागितली आणि डावा हात पुढं केला. मागची अख्खी रांग तशीच देवाची माफी मागत पुढं सरकली. शेवटची बाई मत देऊन बाहेर पडली, तेव्हा रमाकांतनं घाम पुसला आणि स्वतःची चिठ्ठी मागितली.

"डावा हात," अधिकारी म्हणाला.

रमाकांतनं हात पुढं केला आणि त्याचं त्यालाच दिसलं.

"साहेब, ती धोब्याची..."

"आत्ताच नियम वाचला ना मी? तुमच्यासमोरच वाचला."

संध्याकाळी समितीच्या टेबलावर बाबुराव खुशीत होते. "शाबास रे! बायका झाडून साऱ्या आल्या!" मग त्यांची पेन्सिल थांबली. "फक्त एक पुरुष राहिला बघ चाळीतला. काय म्हणावं असल्यांना? संयुक्त महाराष्ट्र हवा आणि घरातून उठायला नको! थांब, कोण तो बघतोच." ते चष्मा शोधू लागले.

रमाकांतनं डावा हात खिशात घातला.

"नाव राहू द्या, बाबुराव," तो म्हणाला. "गणपतीत चपला माझ्याकडे."