वाचाविकास मंडळाचा एकुलता एक श्रोता

कुठल्याही गावाची प्रगती त्या गावात दर आठवड्याला किती माणसं उभं राहून बोलतात यावरून मोजावी, असं जाणकारांचं मत आहे. (हे मत त्यांनी उभं राहूनच दिलं, आणि बराच वेळ दिलं.) या मोजमापानं पाहिलं तर वाचाविकास मंडळानं गावाला मिळवून दिलेली प्रगती आता गावात मावेनाशी झाली आहे.

मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरतं. जिन्याशी 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ती फक्त खालच्या मजल्याला लागू होते, असा मंडळाचा ठराव आहे. सभासद एकतीस. वक्तेही एकतीस. टेबलावर तीन दिवे. हिरवा लागला की बोलावं, पिवळा लागला की आवरतं घ्यावं, तांबडा लागला की थांबावं. गेल्या वर्षीच्या अहवालाप्रमाणे हिरव्याचं पालन शंभर टक्के झालं, पिवळ्याचं चार टक्के, आणि तांबडा वर्षभर जळत राहून अखेर उडाला. शिवाय एक घंटा आहे. बोलताना कुणी 'अं' केलं की निवृत्त मुख्याध्यापिका ती वाजवतात. गाव त्यांना घंटाबाई म्हणतं, ते त्यांच्या पाठीमागे. समोर म्हणायला अजून कुणाला उसंत मिळालेली नाही.

सभासदांच्या यशाबद्दल काय सांगावं. विमा एजंटानं 'मौनाचं महत्त्व' या विषयावर अठ्ठेचाळीस मिनिटं बोलून ढाल पटकावली. अध्यक्षांचं नळ आणि तोट्यांचं दुकान आहे. त्यांनी सलग एकशे अकरा भाषणांची सुरुवात 'मी फार वेळ घेणार नाही' या वाक्यानं केली. त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, आणि सत्काराला उत्तर देताना त्यांनी एकशे बारावी केली. एक सभासद पूर्वी इतक्या लाजाळू होत्या की दुकानात साखर मागायच्या ऐवजी बोट दाखवत. आता त्या झोपेतही प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोप असं बोलतात. त्यांच्या नवऱ्यानं मंडळाला आभाराचं पत्र पाठवलं. तोंडी आभार मानायला त्याला घरात फट सापडेना.

एवढ्या भरभराटीत एकच बारीकशी उणीव होती. एक जण बोलत असताना उरलेले तीस आपापलं पुढचं भाषण मनात घोळवत असत. दाराशी उभं राहून पाहिलं तर तीस जोडी ओठ दाणे टिपणाऱ्या पाखरांसारखे हलताना दिसत. बोलणाऱ्याला ते कळत नसे, कारण त्याचं लक्ष बोलण्यात असे.

अशा मंडळात एके दिवशी चष्मेवाले आले.

चष्मेवाल्यांचं कोपऱ्यावर छोटं दुकान. बावन्न वर्षं वय, एकटा जीव. आतल्या अंधाऱ्या खोलीत उजळलेली अक्षरांची पाटी, आणि समोर बसलेल्याच्या नाकावर ती जड गोल चौकट ठेवून ते दिवसभर एकच प्रश्न विचारत: "हे स्पष्ट, की हे?" काच बदलायची, थांबायचं, पुन्हा विचारायचं. याहून लांब वाक्याची त्यांना आयुष्यात कधी गरज पडली नव्हती. ती आता पडली, कारण ताई.

आईबाप लवकर गेले आणि त्यांना थोरल्या बहिणीनं वाढवलं. ताई इस्पितळात मुख्य परिचारिका. चौतीस वर्षं झाली, येत्या तीस तारखेला निवृत्त होणार. एका रविवारी दुकानात बसून चष्मे पुसायच्या फडक्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या,

"तीस तारखेला मला निरोप देणार आहेत. डॉक्टर बोलणार, नर्स बोलणार, लिफ्टवालासुद्धा बोलणार म्हणे. घरचं कोण बोलणार?"

"मी येतो की. पहिल्या रांगेत बसतो."

"रांगेत खुर्च्याही बसतात, छोट्या. तू बोल."

"काय बोलू?"

"तेही मीच लिहून देऊ?" ताईंनी घडी दाबली. "चौतीस वर्षं सगळं जग मला सिस्टर म्हणत आलं. एकदा चारचौघांत माझ्या भावानं उठून ताई म्हणावं, एवढंच. जमत नसेल तर राहू दे."

हे 'राहू दे' ताई ज्या सुरात म्हणाल्या, त्या सुरामागोमाग चष्मेवाल्यांनी लहानपणी दोन वेळा मार खाल्ला होता आणि एकदा ताईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं होतं. हातात चार गुरुवार होते. त्यांनी मंडळात नाव घातलं.

पहिल्या गुरुवारी अध्यक्ष म्हणाले, "तुमची पाळी पुढच्या वेळी. आज नुसतं ऐका." चष्मेवाले साधे गृहस्थ, ते खरंच ऐकू लागले. धंद्याची सवय अशी की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मान जराशी कलती, आणि उत्तर येईपर्यंत घाई करायची नाही. विमा एजंट बोलत होता. बोलता बोलता त्याची नजर त्या नजरेला अडली आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला.

"तुम्ही ऐकताय?"

"हो."

"मघापासून?"

"मघापासून. तुम्ही पहिल्या मुद्द्यावरून एकदम तिसऱ्यावर आलात. दुसरा राहिला."

एजंट खाली बसला. पाणी प्यायला. मग शेजारच्याचंही पाणी प्यायला. "बारा वर्षं मी दुसरा मुद्दा गाळतोय," तो हळूच म्हणाला. "पहिल्यांदाच कुणी विचारलं."

बातमी पसरली. पुढच्या गुरुवारी एकतीसपैकी एकतीस हजर, स्थापनेनंतर प्रथमच. चष्मेवाल्यांची खुर्ची मधोमध आणून तिच्याखाली पाट ठेवला. ओढाताण होऊ नये म्हणून नियमावली झाली. मान डोलावणे, भाषणामागे तीन वेळा. हसणे, एकदा. 'अरे वा', फक्त आजीव सभासदांसाठी. डोळ्यांत पाणी, कार्यकारिणीच्या पूर्वपरवानगीने.

"माझी पाळी आज आहे ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही उभे राहिलात तर ऐकणार कोण?" अध्यक्ष म्हणाले.

यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही, म्हणून ते एकमतानं मंजूर असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. तिसऱ्या गुरुवारी हीच शंका आणि हेच उत्तर पुन्हा मंजूर झालं. फक्त या वेळी त्यांच्या गळ्यात 'प्रमुख श्रोता' असा बिल्ला आला.

गुरुवार पुरेनात, तेव्हा सभासद दुकानात येऊ लागले. धडधडीत चांगल्या डोळ्यांची माणसं रांग लावून डोळे तपासून घेऊ लागली. घंटाबाईंनी नऊ दिवसांत चारदा तपासले. शेवटच्या वेळी त्यांनी ती अक्षरांची पाटी हातवाऱ्यांसह वाचली, आणि सगळ्यांत बारीक ओळीपाशी क्षणभर थांबून परिणाम साधला.

"शिकलास का काही?" ताईंनी विचारलं.

"ऐकायला शिकवतात तिथं."

"ते तुला तीन वर्षांचा होतास तेव्हापासून येतंय. त्यासाठी जिना कशाला चढतोस?"

चौथ्या गुरुवारी चष्मेवाले परवानगीशिवाय उभे राहिले. "परवा तीस तारीख. माझ्या बहिणीसाठी मला बोलायचंय. पाच मिनिटं द्या, एकदा करून बघतो." सभागृह गलबललं. अध्यक्षांनी तिथल्या तिथं विशेष ठराव मांडला, की आपल्या श्रोत्याला धीर देण्यासाठी सबंध मंडळानं इस्पितळात हजर राहावं. चष्मेवाले म्हणाले, नको हो, मला आत्ताची पाच मिनिटं पुरेत. पण ठराव मंजूर होऊन गेला होता, आणि त्यावर आभाराची सहा भाषणं सुरू झाली होती.

तीस तारखेला दुपारी चारला इस्पितळाचा हॉल भरला. व्यासपीठावर ताई, पांढऱ्याशुभ्र गणवेशात, गळ्यात हार, हात मांडीवर. डॉक्टर थोडक्यात बोलले. तेवढ्यात अध्यक्ष उठले आणि म्हणाले की ते फार वेळ घेणार नाहीत. पुढे धरण फुटावं तसं झालं. मंडळाचे सतरा सभासद 'ऐनवेळी दोन शब्द' बोलले. एजंटानं आयुष्याच्या बेभरवशावर भाषण केलं, तेही वॉर्डाच्या दाराशी उभं राहून. एकानं ताईंना सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा दिल्या. कशाचा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. लिफ्टवाल्यानं घरून कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो लिफ्टमध्ये परत गेला. सहाला पाळी बदलायची, हॉल रिकामा करायचा. सहाला एक मिनिट कमी असताना कुणीतरी म्हणालं, घरचं कुणी आहे का?

चष्मेवाले उठले. माईकपाशी गेले. समोर एकतीस जोडी ओठ हलत होते.

"अं," ते म्हणाले.

घंटा वाजली. (ती पर्समधून आणली होती.)

"अं."

घंटा.

"बाई," ताई खुर्चीतून म्हणाल्या, "ती इकडे द्या." हा सूर चौतीस वर्षं रात्रंदिवस शंभर खाटांना पुरला होता. घंटाबाई उठल्या, घंटा देऊन आल्या आणि हाताची घडी घालून बसल्या.

"मी तिसरीत होतो," चष्मेवाले ताईंकडे बघत म्हणाले. "मला फळा दिसायचा नाही. गुरुजी म्हणाले, मठ्ठ आहे. शेजारी म्हणाले, मठ्ठ आहे. मलाही पटलं होतं. ही म्हणाली, मठ्ठ नाही, त्याला दिसत नाही. माझा हात धरून हिनं मला चष्म्याच्या दुकानात नेलं. परत येताना मी झाडाखाली थांबलो. झाडाला पानं होती. एकेक पान, सुटं सुटं. तोवर मला वाटायचं, झाड म्हणजे नुसता हिरवा ढग. ही ओढत होती, चल म्हणून, आणि मी जाईना. ते पानांचं हिला सांगायचं राहून गेलं. ताई, एवढंच."

"बस आता, छोट्या," ताई म्हणाल्या. "आणि चष्मा पूस. ओला झालाय."

मंडळाच्या मूल्यमापन समितीचा अहवाल असा: वेळ, अठ्ठावन्न सेकंद. 'अं', दोन (पुढचे मोजता आले नाहीत, घंटा जप्त). हातवारे नाहीत, एक हात खिशात. मुद्दे नाहीत. समारोप नाही. नजर सर्व श्रोत्यांवर फिरवण्याऐवजी एकाच व्यक्तीवर ठेवल्याचा दोष गंभीर. याच काळात एकतीसही सभासदांना आपापलं पुढचं भाषण आठवेनासं झालं आणि त्यांचे ओठ एकदम थांबले. समितीच्या मते याचं कारण हॉलमधली कोंदट हवा. तसंच एकवीस सभासदांनी पूर्वपरवानगीविना डोळ्यांत पाणी आणलं. त्याला मागाहून मंजुरी देण्यात आली.

चष्मेवाले त्यानंतर जिना चढले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी ते ताईंच्या घराच्या पायरीवर बसतात. ताई बोलतात, ते ऐकतात. आणि खात्रीलायक वृत्त असं आहे की ते मधूनच बोलतातही, एका बैठकीत सात वाक्यांपर्यंत. मंडळाच्या घटनेप्रमाणे जो एकदा बोलला तो कायमचा वक्ता, सबब प्रमुख श्रोत्याचं पद रिकामं झालं आहे.

ते भरायचं आहे. पात्रता एकच: दुसरा बोलत असताना मनात स्वतःचं काही न जुळवता शेवटपर्यंत गप्प बसता यावं. आपण इथवर गप्प बसून वाचलंत, म्हणून आपला अर्ज आलाच असं धरून मंडळानं छाननी केली. कळवायला वाईट वाटतं, पण झाडाच्या पानांपाशी आपल्याला आपलंच कुणीतरी आठवलं. त्या माणसाबद्दल चारचौघांत काय बोलता येईल हे आपण जुळवू लागलात, दोन वाक्यं तर फारच सुरेख जमली, आणि पुढचा परिच्छेद डोळ्यांखालून नुसता सरकला. अर्ज फेटाळला आहे. मात्र वक्ता म्हणून आपल्याला आनंदानं दाखल करून घेतलं आहे. गुरुवारी सहाला या. सुरुवात कुठूनही करा. आम्हीही तेव्हा आमचंच जुळवत असू.