वेशीपर्यंत सोडायला

उमा फक्त एवढंच म्हणाली होती, "आत्याबाई, उद्या तुम्हीपण बसनं चला ना." यात वावगं काय होतं, तुम्हीच सांगा! पण तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे द्वारकाबाईंच्या घरात साधं वाक्य फार वेळ साधं राहत नाही.

त्याचं असं झालं. पडेगावच्या पलीकडच्या त्यांच्या कॉलनीपर्यंत शहर बसची एक फेरी नुकतीच सुरू झाली होती, तीही बघू चालते का, या बोलीवर. त्याआधी उमा शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी, चार बोटं जागेवर अर्धी टेकून औरंगपुऱ्यातल्या शाळेत जायची. पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. शेवटी मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "आता एक दिवस जरी उशीर झाला, तरी पुढच्या सत्राला आम्ही दुसरी शिक्षिका बघू." त्या नजरेनं उमाच्या हातातला खडू पडला. (उमाच्या हातातलं काहीही, कधीही पडतं. स्वतः लावलेल्या कुकरच्या शिट्टीलाही ती दचकते.)

बस वेळेवर येत होती. अडचण एकच, तिच्यात माणसं नसायची. उमा, रात्रपाळी करून घरी निघालेला एक वॉचमन आणि कंडक्टर. ड्रायव्हर रामकिसननं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "ताई, उद्या आमचे साहेब तुमच्या थांब्यावर उभे राहणार. किती माणसं चढतात ते बघणार. बस भरली तर फेरी राहील, नाय तर परवापासून बंद."

उमाचा नवरा बन्सी चितेगावच्या कंपनीत, बरोबर उलट्या दिशेला, मोटरसायकलवर. त्याचा काही उपयोग नव्हता. (तसा तो बाकीच्या दिशांनाही फारसा नसतो.) म्हणून मग ते वाक्य.

"बसनं? आन् कुठं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मावशींकडं, सिडकोत. कधीच्या बोलावतायत."

"व्हय गं, बोलावती खरी." आणि त्या लगेच धपाट्यांचं पीठ मळायला बसल्या. मळता मळता खिडकीतून शेजारच्या आशाबाईंना हाक मारून झाली, "आशे, उद्या जाते गं म्या बहिणीकडं!"

एवढंच. बाकी काम आशाबाईंनी केलं.

सकाळी उमा सासूबाईंची पिशवी घेऊन थांब्यावर आली आणि जागीच खिळली. थांबा बायकांनी नुसता फुलला होता! सगळी कॉलनी लोटली होती. चतुराबाई तर गुडघे धरत का होईना, पण आल्या होत्या. बाजूला स्कूटरला टेकून बसचे साहेब उभे होते आणि बोटांच्या पेरांवर माणसं मोजत होते. एका हाताची पेरं संपून ते दुसऱ्या हातावर आले, तसा उमाचा जीव भांड्यात पडला.

"रोज एवढी गर्दी असते?" साहेबांनी विचारलं.

"अं... आज जरा जास्त आहे," उमा म्हणाली. (खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. तिनं पदर कानांवरून घेतला.)

बस आली. दार उघडलं. द्वारकाबाई पुढं झाल्या आणि मग उमाच्या लक्षात आलं की बायकांच्या हातात पिशव्या नाहीत, कुंकवाचे करंडे आहेत.

आशाबाईंनी कुंकू लावलं. चतुराबाईंनी हातावर साखर ठेवली. बाकीच्यांनी पाया पडायला रांग लावली. एकीनं तर डोळ्याला पदरही लावला.

"लवकर या बरं का, आक्का!"

"जपून जा माय!"

"अहो, सिडकोलाच चाललीय ना ती?" कंडक्टर ओरडला. "काशीला नाय!"

रामकिसननं हॉर्न वाजवला. उमा दचकली, पिशवी पडली, धपाटे डांबरावर आले. ते गोळा करताना तिला ऐकू आलं, साहेब आशाबाईंना विचारत होते.

"मावशी, तुम्ही चढताय ना?"

"म्या? छ्या! आम्ही सोडाया आलोत."

"सगळ्याजणी?"

"मंग? एवढी मोठी बाई घर सोडून चालली, एकलीच जाऊ द्यावी का?"

साहेबांनी मोजलेली बोटं एकेक करून मिटायला सुरुवात केली. उमाला ती बोटं मिटताना दिसत होती, आणि त्यांच्यामागं मोठ्या बाईंचा चष्मा.

ती आशाबाईंचा हात धरून म्हणाली, "काकू, चढा ना! छावणीपर्यंत तरी!"

"अगं पोरी, गॅसवर दूध ठिवलंय."

"चतुराबाई, तुम्ही?"

"माझे गुडघे न्हाईत बसवाणी."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. उमाच्या तोंडातून काय निघतंय ते तिलाही कळेना.

"वैजापूरला आत्याबाईंच्या गावात पाहुण्याला वेशीपर्यंत सोडतात!" ती जवळजवळ किंचाळलीच. "तुम्ही काय इथं थांब्यावरच सोडून देणार? दारातल्या दारात?"

द्वारकाबाई पायरीवरून वळल्या. त्यांनी एकेकीकडं नुसतं बघितलं. ते बघणं पुरे होतं.

"येस कुठं हाय हितली?" आशाबाईंनी विचारलं.

"बारापुल्ला दरवाजा!" उमा म्हणाली. "शहराचाच दरवाजा! याच रस्त्याला!"

"मंग सोडू की येशीपतोर! आम्ही काय कमी हाय का वैजापूरपेक्षा? ए पोरी, घरी फोन लाव, म्हणावं दूध उतरवा!"

आणि चढायला सुरुवात झाली. करंड्यांसकट, पदर सावरत, एकमेकींना ढकलत. उमा खालून चतुराबाईंना रेटत होती (गुडघे रेटल्यावर चांगले चालत होते). साहेब पुन्हा पेरं मोजायला लागले, तोंडाचा आ करून. शेवटची बाई आत गेली, दार कसंबसं लागलं, कंडक्टरनं घंटी मारली आणि बस निघाली.

उमाला सोडून.

"थांबवा!" ती पळाली. मागच्या काचेतून सगळ्याजणी कौतुकानं हात हलवत होत्या. निरोप द्यायची सवयच पडली होती ना!

"मॅडम, फेरी पक्की!" साहेब म्हणाले. "परतीलाही ह्या सगळ्या असणारच. अहो, पण तुम्ही रडताय का?"

उमानं हुंदके देत शाळेचं सांगितलं. साहेबांनी स्कूटर चालू केली. "बसा. पुढं बस गाठून देतो."

परक्या माणसाच्या मागं बसायला ती घाबरत होती, पण मोठ्या बाई जास्त भीतिदायक होत्या. बस कुठंच थांबेना. भरली होती ना! छावणी गेली. शेवटी बारापुल्ला दरवाज्याच्या अलीकडं ती दिसली. बायका खाली उतरून, खिडकीतल्या द्वारकाबाईंना पुन्हा पहिल्यापासून कुंकू लावत होत्या. मागं हॉर्नचा नुसता गजर.

स्कूटर थेट खिडकीखाली येऊन थांबली. कुंकवाचं बोट हवेत तसंच राहिलं. सगळी कॉलनी उमाकडं बघायला लागली, मग साहेबांकडं, मग परत उमाकडं.

द्वारकाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"बस पायजे, बस पायजे म्हणून जीव खाल्ला आमचा," त्या सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आन् आम्हाला बशीत कोंबून सोता चालली स्कूटरवर!"